बाटलीतले रोप कड्यावर कधी पोहोचणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की आपल्या दैनिकात कासच्या पठाराची छायाचित्रे येतात आणि त्यांच्याच आगेमागे आतल्या पानावर एखादी छोटी बातमीही असते : अमुक दुर्मीळ वनस्पतीची टिश्यू कल्चरने शेकडो रोपे तयार, वनस्पतीला जीवदान. गेली कित्येक वर्षे मी अशा बातम्या कापून वहीत चिकटवत आले आहे. उभे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. परंतु ती रोपे पुढे कुठे गेली, कोणत्या डोंगरावर लावली आणि त्यांतली किती जगली, हे माझ्या वहीतल्या जवळपास एकाही कात्रणात लिहिलेले नाही. या न लिहिलेल्या भागाविषयी मी हे पत्र लिहीत आहे.

टिश्यू कल्चर म्हणजे ऊतिसंवर्धन, वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवण्याचे हे तंत्र, महाराष्ट्राला मुळीच परके नाही. जळगाव-रावेरकडच्या शेतकऱ्याला ‘टिश्यूची रोपे’ म्हटले की जी-नाइन केळीच आठवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर सागाची रोपे या पद्धतीने वाढवण्याचे काम १९८० च्या सुमारासच झाले होते. जो बांबू डोंगरावर फुलण्यासाठी काही दशके घेतो, त्याला त्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काही महिन्यांत काचेच्या नळीत फुलोरा आणला आणि ते संशोधन १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामुळे ज्ञान नाही, माणसे नाहीत किंवा तंत्र महागडे परदेशी आहे, अशी सबब आपल्यापुरती तरी देता येत नाही.

तंत्राचे मर्म थोडक्यात सांगते. उसाची कांडी लावताना जसा डोळा पाहून घेतात, तसेच इथेही वेलीचे डोळा असलेले एक कोवळे पेर घ्यायचे, ते निर्जंतुक करायचे आणि क्षार, साखर, जीवनसत्त्वे व वाढीची संप्रेरके घातलेल्या अगारच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या जेलीच्या, थरावर बाटलीत ठेवायचे. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी जे पोषकमिश्रण बसवले, तेच थोड्याफार फरकाने आजही बहुतेक ठिकाणी वापरले जाते. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान आणि दिवसाचे सोळा तास प्रकाश मिळाला की एका डोळ्यातून अनेक कोंब फुटतात. ते सुटे करून पुन्हा नव्या बाटल्यांत घालायचे, म्हणजे सबकल्चर करायचे, की दर महिन्याला संख्या वाढत जाते. डोंगरावर ज्या वनस्पतीची जेमतेम दहा-वीस झाडे उरली आहेत, तिच्या बाबतीत हे सामर्थ्य फार मोलाचे आहे, कारण मूळ झाडाला न उपटता, एखाद-दुसऱ्या पेरावर काम सुरू करता येते.

आता ज्या वनस्पतींना याची खरी गरज आहे, त्यांच्याकडे येते. सह्याद्रीतली कंदीलपुष्पे आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. कुठे त्यांना कंदील खरचुडी म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे सिरोपेजिया. हरिश्चंद्रगडावरची सिरोपेजिया लॉई, आमच्या जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतली सिरोपेजिया रोली, आणि नाशिकजवळच्या अंजनेरीवर सापडून याच शतकात शास्त्रीय नाव मिळालेली सिरोपेजिया अंजनेरिका या त्यांतल्या काही. यांतल्या कित्येक जाती एखाद्या गडापुरत्या किंवा एका डोंगररांगेपुरत्याच आहेत, म्हणजे तेथून गेल्या तर जगातूनच गेल्या.

या फुलाची रचना एकदा जवळून पाहिली की विसरता येत नाही. खाली फुगीर बुडखा, वर अरुंद नळी आणि टोकाशी पाकळ्या एकमेकींना जुळून झालेला कंदिलाच्या टोपणासारखा पिंजरा. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीतून आत उतरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला परतीची वाट राहत नाही. बुडख्यात फिरताना परागांच्या पुड्या तिला चिकटतात. मग केव्हातरी ते केस कोमेजतात, ताठ उभे असलेले फूल कलते आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. एवढी नाजूक व्यवस्था असल्यामुळे फळे मुळातच कमी धरतात. त्यात या वेलींचे कंद खाण्याजोगे असल्याने गुराख्यांची मुले ते उकरून खातात, रानडुकरेही उकरतात, उरलेल्या वेली गुरांच्या तोंडी लागतात, आणि माळांवर रस्ते नि बंगले होत गेल्याने जागाही आक्रसत चालली आहे. बियांवर विसंबून अशा जातीची संख्या वाढायला फार काळ लागतो आणि तेवढा काळ तिच्या हाती उरलेला नसतो. टिश्यू कल्चर इथे उपयोगी पडते. विशेष म्हणजे कंदीलपुष्पाची रोपे बाटलीतच बारीक कंद धरू शकतात आणि असा कंद पानांच्या कोवळ्या रोपापेक्षा बाहेरच्या हवेत कितीतरी चांगला तग धरतो.

अडचण सुरू होते ती बाटलीचे झाकण उघडल्यावर. बाटलीतल्या रोपाला साखर आयती मिळत असते आणि सभोवतालची हवा पाण्याच्या वाफेने भरलेली असते. त्यामुळे त्याच्या पानांवर मेणाचा थर धड तयार होत नाही आणि पानांची सूक्ष्म छिद्रे मिटायला शिकलेली नसतात. अशा रोपाला एकदम उघड्यावर आणले तर ते तासाभरात मान टाकते. म्हणून त्याला आधी कोकोपीटमध्ये, प्लास्टिकखाली, शेडनेटच्या सावलीत आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करावी लागते. याला सगळे जण हार्डनिंगच म्हणतात. केळीच्या व्यवसायात या टप्प्यासाठी मोठमोठी हरितगृहे उभी आहेत, कारण तेथे मेलेल्या प्रत्येक रोपाचे पैसे बुडतात. दुर्मीळ वनस्पतींच्या प्रकल्पात मात्र याच टप्प्यासाठी बहुधा ना जागा असते, ना माणूस, ना अंदाजपत्रकात रकाना.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे स्पष्ट होणार नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तेथे एका विद्यार्थिनीने रीतसर परवानगी घेऊन एका कंदीलपुष्पावर संशोधन सुरू केले. कारवीच्या कडेने उगवलेल्या एकाच वेलीची पेरे तिने आणली, कंदाला हात लावला नाही. पहिल्या खेपेच्या चाळीस बाटल्यांपैकी एकतीस बुरशीने गेल्या आणि उरलेल्या नवांपासून दीड वर्षात दोनशेहून अधिक रोपे झाली. शेडनेट नव्हतेच, तेव्हा तिने साठ रोपे चहाच्या कागदी पेल्यांत लावून त्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि रोज सकाळी प्रत्येक पिशवीला सुईने एक-एक भोक पाडत गेली, म्हणजे आतला दमटपणा बेताबेताने कमी व्हावा. साठांतली अडतीस जगली. भाद्रपदात त्यांतल्या तिघींना फुले आली, तेव्हा सगळा विभाग पाहायला जमला होता.

दिवाळीनंतर त्या वेली पिवळ्या पडून वाळल्या. डोंगरावरही त्या अशाच वाळतात. वरचा वेल जातो आणि कंद मातीत पुढच्या पावसापर्यंत झोपून राहतो. विद्यार्थिनी प्रबंध सादर करून निघून गेली होती आणि मी त्या आठवड्यात आजारपणाच्या रजेवर होते. महाविद्यालयाच्या तपासणीसाठी समिती येणार म्हणून आवार स्वच्छ करायचे ठरले आणि मेलेली रोपे समजून ते पेले खताच्या खड्ड्यात रिकामे करण्यात आले. बाटल्यांतली उरलेली रोपे काढून बाटल्या धुतल्या गेल्या, कारण पुढच्या प्रकल्पाला त्या हव्या होत्या. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. त्या रोपांची जबाबदारी कागदोपत्री कोणाकडेच नव्हती, एवढेच घडले होते. प्रबंधाला पदवी मिळाली, शोधनिबंध छापून आला आणि त्यात रोपे जगण्याचे प्रमाण साठांत अडतीस असे नोंदलेलेही आहे. तो आकडा खरा आहे, आणि ज्या दिवशी तो छापून आला त्या दिवशी त्यांतले एकही रोप महाविद्यालयात शिल्लक नव्हते, हेही खरे आहे.

असे इतरत्रही होत असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही, कारण आपली व्यवस्थाच तशी आहे. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांचा असतो आणि पदवीही साधारण तेवढ्याच काळाची. डोंगरावर लावलेले रोप खरोखर रुजले की नाही हे कळायला मात्र किमान तीन-चार पावसाळे जावे लागतात. त्याला फुले येणे, त्या फुलांना माशी मिळणे, शेंग धरणे, आणि रुईच्या म्हातारीसारखे झुबके असलेले बी वाऱ्यावर उडून आसपास नवे रोप उगवणे हे सगळे झाल्यावरच ती वनस्पती तेथे परत आली असे म्हणता येईल. त्याआधी आपल्याकडे आहे तो फक्त साठा. साठा मोलाचा असतो हे मला मान्य आहे, पण त्याला ‘जीवदान’ म्हणणे घाईचे आहे.

दुसरा मुद्दा थोडा शास्त्रीय आहे, तरी तो सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचायला हवा असे मला वाटते. केळीच्या शेतकऱ्याला सगळी रोपे एकसारखी हवी असतात. घड एकाच वेळी निसवावेत आणि एकाच मापाचे यावेत, म्हणून तर तो टिश्यूची रोपे घेतो. रानातल्या वनस्पतीची गरज नेमकी याच्या उलट असते. एखाद्या वर्षी पाऊस पंधरवडाभर उशिरा आला, एखादी कीड किंवा बुरशी पसरली, तर काही झाडे जातात आणि थोडी वेगळ्या घडणीची काही तरतात. जातीचे टिकणे या वेगळेपणावर अवलंबून असते. एका वेलीच्या पेरांपासून केलेली हजार रोपे म्हणजे जनुकांच्या दृष्टीने ती एकच वेल हजार ठिकाणी लावल्यासारखे आहे. वर सांगितलेल्या आमच्याच कामात हा दोष होता आणि त्याची मार्गदर्शक म्हणून जबाबदारी माझी होती : आम्ही एकाच वेलीवर थांबलो. शक्य तितक्या जास्त मातृवेली निवडायला हव्या होत्या, प्रत्येकीचा वंश वेगळा क्रमांक देऊन वेगळा ठेवायला हवा होता, आणि शेंगा मिळत असतील तर पेराऐवजी बी बाटलीत रुजवायला हवे होते, कारण प्रत्येक बी जनुकांनी निराळे असते. वर्षानुवर्षे सबकल्चर करत राहिल्यास रोपांत नको ते बदल शिरू शकतात, म्हणून मूळ वेलीशी अधूनमधून ताडून पाहणेही आवश्यक असते.

याच ओघात एका वनस्पतीविषयी लिहिलेच पाहिजे, कारण तिचा आम्हा जुन्नरकरांना अभिमान आहे. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची वनस्पती लोंबते. तिला गडद तांबूस, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात. फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव तिला डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून दिले. जगात ती फक्त सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आहे आणि धोक्यातल्या वनस्पतींच्या चर्चेत तिचे नाव हटकून येते. तिच्यावर टिश्यू कल्चरचेही प्रयोग झालेले आहेत. पण ज्यांनी ती कुंडीत वाढवली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिच्या फांदीचा तुकडा दोन दिवस सुकवून वाळूमिश्रित मातीत खोचला तरी सहज मुळे धरतो. म्हणजे तिची रोपे करणे हा प्रश्नच नाही. कडा शाबूत राहणे, गुराढोरांपासून नि शेळ्यांपासून ती वाचणे, उन्हाळ्यात कोणी गवताला वणवा न लावणे, हे तिचे प्रश्न आहेत. गडसंवर्धनाच्या मोहिमांत तरुण मंडळी फार निष्ठेने तटाबुरुजांवरची झुडपे काढतात. वड-पिंपळाची रोपे काढायलाच हवीत, कारण त्यांची मुळे चिरे फोडतात. पण काय काढायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे मोहिमेच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास कोणी दाखवून दिले, तर शिंदळ माकुडीसाठी ते एखाद्या प्रयोगशाळेपेक्षा अधिक उपकारक ठरेल.

म्हणून जिथे साधे कलम किंवा बी पुरते, तिथे तेच करावे. जिथे झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, बी धरत नाही किंवा रुजत नाही, तिथेच बाटलीकडे वळावे. सीतेच्या वेणीसारखी आमरे, म्हणजे ऑर्किड, हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यांचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरीच नसते, आणि रानात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. पोषकमिश्रणावर मात्र ते बुरशीशिवायही रुजवता येते, हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झाले. नरक्यासारख्या झाडाचीही गोष्ट वेगळी आहे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारे द्रव्य असल्याने कोकण नि घाटमाथ्यावरून त्याची बेसुमार तोड झाली. तेथे रानातली तोड थांबावी यासाठी शेताच्या बांधावर लावण्याजोगी रोपे मोठ्या संख्येने पुरवणे, हा टिश्यू कल्चरचा रास्त उपयोग ठरेल.

हे सगळे अशक्य कोटीतले आहे, असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सिरोपेजिया फँटास्टिका या अत्यंत धोक्यात आलेल्या कंदीलपुष्पाचे गुणन आणि पुनःस्थापना या दोन्ही गोष्टींवर एकत्रित काम करून ते २०१० साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या अनेक जाती जिवंत सांभाळल्या आहेत. केरळात पालोडच्या वनस्पती उद्यानाने निळा वांडा या आमराची रोपे प्रयोगशाळेत वाढवून जंगलातल्या झाडांवर बसवली. जागतिक वनस्पती संवर्धन धोरणातही २०२० पर्यंतचे उद्दिष्ट ठरवताना धोक्यातल्या ७५ टक्के जाती उद्यानांत वा संग्रहांत जतन कराव्यात एवढेच म्हटले नव्हते, तर किमान २० टक्के जाती पुनःस्थापनेसाठी उपलब्ध असाव्यात, अशी जोड दिली होती. आपल्याकडे या जोडीचाच विसर पडतो.

माझे म्हणणे असे की दुर्मीळ वनस्पतीच्या ऊतिसंवर्धनाला सार्वजनिक पैसा देताना हार्डनिंगची जागा, एका माळ्याचा पगार आणि लागवडीनंतर तीन पावसाळ्यांची पाहणी यांचा खर्च मंजुरीच्या पहिल्या कागदातच असावा, आणि पदवी मिळाल्यावर ती रोपे कोणाच्या ताब्यात जाणार हे लेखी ठरलेले असावे. तालुक्याला एक छोटे शेडनेट पुरते. ते गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे दिले, तर लोकजैवविविधता नोंदवही ही निव्वळ कपाटातली वही न राहता तिच्यातल्या नोंदींना रोपांची जोड मिळेल. अशा शेडनेटची निगा राखायला त्या डोंगरावर गुरे राखलेल्या माणसाइतका जाणकार दुसरा मिळणार नाही, कारण कोणती वेल कोणत्या घळीत आणि कोणत्या नक्षत्रावर उगवते हे त्याला पाठ असते. लावताना ज्या डोंगराची रोपे त्याच डोंगरावर जावीत, हा नियम काटेकोर पाळावा. हौसेने हरिश्चंद्रगडाची वेल सिंहगडावर नेऊन लावणे हे संवर्धन नव्हे, त्याने पुढच्या अभ्यासकांची दिशाभूल होते आणि स्थानिक वाणात भेसळही होऊ शकते.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. अशी बातमी देताना रोपे किती झाली याच्या जोडीला ती किती मातृवेलींपासून केली आणि आज त्यांतली किती कोठे उभी आहेत, हे दोन प्रश्न कृपया विचारावेत. उत्तर नसेल तर तसे छापावे. आणि दोन वर्षांनी पुन्हा एकदा तेथे जाऊन यावे.

त्या खताच्या खड्ड्यातून मी रजेवरून परतल्यावर, दोन शिपाईमामांच्या मदतीने माती चाळून सात कंद काढले होते. आज ते माझ्या गच्चीवर वाळूच्या कुंड्यांत आहेत आणि दर ज्येष्ठात न चुकता फुटतात. ते माझे नाहीत, त्या डोंगराचे आहेत. ज्या वेलीची पेरे आणली होती तिची जागा मला पक्की ठाऊक आहे, आणि आणलेल्या जागीच, नोंदीसह, वन खात्याच्या देखरेखीखाली ते लावावेत असा अर्ज मी केलेला आहे. ते सातही एकाच वेलीचे असल्याने त्या डोंगरावरच्या इतर वेलींची बी-रोपेही त्यांच्या जोडीने लावावीत, असे अर्जात लिहिले आहे. गेल्या वर्षी उत्तर आले तेव्हा आश्विन लागला होता आणि वेली वाळायला आल्या होत्या. हे कंद मृगाच्या आधी, झोपेत असतानाच जमिनीत जावे लागतात, तेव्हा अशा परवानग्यांचा निर्णय दरवर्षी चैत्र-वैशाखात व्हावा, एवढे आपल्या पत्राद्वारे संबंधितांच्या कानावर घालावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका,
जुन्नर, जि. पुणे